टाकीचं पाणी तापतंय तोवरच रेडिएटर गरम: लेकीच्या घरातले मोटराइज्ड व्हॉल्व्ह

नौपाडाकर | ८ जानेवारी, रात्री १०:४०

मंडळी, घर इंग्लंडमधल्या लीड्सचं आहे आणि मी बसलोय ठाण्याच्या नौपाड्यात, तरी इथेच विचारतोय. इथल्या बऱ्याच जणांची मुलं तिकडे आहेत, आणि वायरिंग-प्लंबिंगमधली पक्की माणसंही याच विभागात भेटतात.

लेक, जावई आणि १४ महिन्यांची नात तिथे एका जुन्या जोडघरात राहतात. घर घेऊन ३ वर्षं झाली. गॅसचा बॉयलर स्वयंपाकघरात, वरच्या मजल्यावर एका कपाटात गरम पाण्याची तांब्याची टाकी, आणि टाकीशेजारी पाइपांवर दोन मोटराइज्ड व्हॉल्व्ह. एक रेडिएटरच्या (आतून गरम पाणी फिरून खोली तापवणाऱ्या भिंतीवरच्या पत्र्यांच्या) लाइनवर, दुसरा टाकीच्या लाइनवर.

गेले १० दिवस असं होतंय. भिंतीवरचा थर्मोस्टॅट वाढवला तर तो टक करून वाजतो, पण बॉयलर पेटत नाही. गरम पाण्याचा टायमर लावला की मात्र बॉयलर पेटतो, आणि मग रेडिएटरही तापतात. टाकीतलं पाणी हवं तेवढं तापलं की बॉयलर बंद, आणि तासाभरात रेडिएटर थंडगार. लेक रात्री उठून न्हाणीघरातला गरम नळ सोडून देते. टाकी रिकामी झाली की ती पुन्हा उष्णता मागेल आणि त्या निमित्ताने बाळाची खोली तापेल, म्हणून. हे तिने काल सांगितलं आणि मला रात्रभर झोप लागली नाही. बाहेर उणे २ आहे.

एक माणूस पाहून गेला. ५ मिनिटं उभा राहिला, बॉयलरचं सर्किट बोर्ड गेलंय म्हणाला, आणि बॉयलर जुना आहे तर नवाच घ्या असं सांगून निघाला. मी ३१ वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यात इन्स्ट्रुमेंट विभागात काढली. बोर्ड गेलं असतं तर पाण्यासाठीही बॉयलर पेटला नसता, एवढं मला कळतं. पण तिकडच्या घरगुती सिस्टिमची वायरिंग मी कधी उघडून पाहिलेली नाही. कुणी हे हाताळलंय का?

ऐरोलीची_मी | ८ जानेवारी, रात्री ११:०५

काका, आधी बाळाचं बघा. तेल भरलेला इलेक्ट्रिक रेडिएटर तिकडे कुठल्याही मोठ्या दुकानात मिळतो, तो त्या एका खोलीत लावायला सांगा. आणि कितीही गारठा असला तरी गॅसची शेगडी पेटवून खोली तापवायची नाही. बंद घरात कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो. बॉयलरपाशी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का, तेही विचारा.

दुसरं म्हणजे, आमच्यासारख्यांना ही सिस्टिम कशी चालते ते थोडं सांगाल का? आमच्या घरात न्हाणीघरातला गिझर, तेवढीच काय ती ऊब.

नौपाडाकर | ८ जानेवारी, रात्री ११:३०

तेलाचा हीटर परवाच घेतला. अलार्म आहे, जावयाने बटण दाबून तपासला. विचारलंत ते फार बरं वाटलं.

सिस्टिम अशी. बॉयलर एकच, तो पाणी तापवतो. पंप ते पाणी पाइपातून फिरवतो. पुढे पाइपाला दोन फाटे फुटतात. एक फाटा घरभरच्या रेडिएटरांना जातो. दुसरा टाकीत जातो, तिथे एक वेटोळं आहे, त्यातून हे पाणी फिरतं आणि टाकीतलं नळाला येणारं पाणी त्या वेटोळ्याच्या उष्णतेने तापतं. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. दोन्ही फाट्यांवर एकेक व्हॉल्व्ह. ज्याला उष्णता हवी त्याचा व्हॉल्व्ह उघडतो. दोन व्हॉल्व्हच्या या रचनेला तिकडे एस-प्लॅन म्हणतात. खोली खूप थंड असेल तर भिंतीवरचा थर्मोस्टॅट मागणी करतो, टाकी थंड असेल तर टाकीला चिकटवलेला थर्मोस्टॅट मागणी करतो. टाकीचा ६० अंशांवर ठेवतात, कारण कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढतात.

थेम्सकाठचा | ९ जानेवारी, पहाटे ४:५०

काका, मी मूळचा चरईतला, १२ वर्षं रेडिंगला आहे. तुमचं वर्णन वाचून जेवता जेवता उठलो. तुमच्या लेकीचा बॉयलर ठणठणीत आहे. नवा घेऊ नका.

बॉयलरला चालू हो असं थर्मोस्टॅट सांगतच नाही, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. थर्मोस्टॅट फक्त व्हॉल्व्हच्या मोटरला करंट देतो. मोटर फिरते, व्हॉल्व्ह उघडतो, आणि उघडून शेवटी पोचला की आतला तरफेचा तुकडा एक मायक्रोस्विच दाबतो. तो मायक्रोस्विच बॉयलरला आणि पंपाला करंट पाठवतो. म्हणजे वाट मोकळी झाल्यावरच आग पेटते. वाट बंद असताना बॉयलर पेटू नये म्हणून ही सोय.

आता तुमच्याकडे काय होतंय बघा. रेडिएटरचा व्हॉल्व्ह उघडतोय, नाहीतर गरम पाणी चालू असताना रेडिएटर तापलेच नसते. म्हणजे मोटर चांगली. पण उघडल्यावर 'मी उघडलो' हा निरोप बॉयलरपर्यंत जात नाही. टाकीचा व्हॉल्व्ह आपला निरोप नीट देतो, बॉयलर पेटतो, पंप फिरतो, आणि रेडिएटरची वाट आधीच मोकळी असल्यामुळे तिथेही गरम पाणी जातं. टाकीचा निरोप थांबला की सगळं थांबतं.

मायक्रोस्विच गेलाय. ९० टक्के तोच, उरलेले १० टक्के, हा निरोप बॉयलरकडे नेणारी नारिंगी वायर कुठेतरी सुटली असेल.

खात्री करायला घरातला एक साधा प्रयोग. व्हॉल्व्हच्या डोक्याच्या, म्हणजे मोटर असलेल्या वरच्या डबीच्या, बाजूला छोटी लिव्हर असते. हीटिंग बंद असताना ती सरकवून बघायची: स्प्रिंगचा जोर लागतो, आणि सोडली की परत येते. मग हीटिंग चालू करून मिनिटभराने पुन्हा बघायची. मोटरने व्हॉल्व्ह उघडलेला असेल तर लिव्हर सैल पडते, काहीही जोर न लागता इकडून तिकडे हलते. सैल पडली, आणि तरी बॉयलर गप्प, तर विषय संपला.

कोपरीचा_वायरमन | ९ जानेवारी, सकाळी ७:१५

वरच्या दादांनी बरोबर पकडलंय. मी फक्त रंगांबद्दल बोलतो, कारण इथे जीव जाऊ शकतो.

काका, आपण दोघंही लाल-पिवळा-निळा फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थिंग अशा रंगांवर वाढलो. तिकडे निळा म्हणजे न्यूट्रल. आणि तिकडच्या जुन्या केबलमध्ये लाल फेज आणि काळा न्यूट्रल असायचा. नवे रंग २००४ पासून सुरू झाले आणि २००६ पासून सक्तीचे झाले. त्यामुळे जुन्या घरात एकाच जंक्शन बॉक्समध्ये दोन्ही पिढ्यांचे रंग सापडतात. तुम्ही फोनवरून 'काळी न्यूट्रल, लाल फेज' म्हणाल आणि समोर वेगळंच असेल.

दोन पोर्टच्या व्हॉल्व्हला बहुतेक मेकमध्ये पाच वायरी: तपकिरी मोटरचा फेज, थर्मोस्टॅटकडून येणारा. निळी मोटरचा न्यूट्रल. हिरवी-पिवळी अर्थिंग. राखाडी मायक्रोस्विचला जाणारा कायमचा फेज. नारिंगी मायक्रोस्विचमधून बाहेर पडून बॉयलर-पंपाकडे. यातली राखाडी सगळ्यात घातक. हीटिंग बंद, टायमर बंद, थर्मोस्टॅट शून्यावर, तरीही राखाडीत २३० व्होल्ट उभे असतात. टायमर बंद केला म्हणजे सप्लाय गेला, असं समजून हात घालणारा तिथेच फसतो.

भिंतीवर फ्यूज असलेला एक स्विच असेल, त्यानेच संपूर्ण हीटिंगचा सप्लाय जातो. तो बंद करायचा, फ्यूज काढून खिशात टाकायचा, आणि मग मीटरने बघायचं. मीटरही आधी चालू प्लगवर तपासून घ्यायचा.

नौपाडाकर | ९ जानेवारी, दुपारी ३:२०

वायरमनदादा, राखाडीचं सांगितलंत त्याबद्दल मनापासून आभारी आहे. मी ती न्यूट्रल समजून चाललो होतो, खरंच. कागदावर लिहून जावयाला पाठवलं आहे.

लिव्हरचा प्रयोग लेकीने बाळाला कडेवर घेऊन केला. व्हिडिओ कॉलवर मी पाहत होतो. बंद असताना स्प्रिंगचा जोर. चालू केल्यावर आधी बारीक घरघर ऐकू आली, १० सेकंदांत थांबली, आणि लिव्हर सैल. बॉयलर गप्प.

आमच्या प्लँटमध्ये मोटरवाल्या मोठ्या व्हॉल्व्हला लिमिट स्विच असायचे, उघडा आणि बंद अशा दोन टोकांना. कंट्रोल रूममध्ये हिरवा दिवा लागला नाही की आम्ही आधी लिमिट स्विच बघायचो, मग व्हॉल्व्ह. इथेही तेच तत्त्व, फक्त मुठीत मावेल एवढं. हे मला स्वतःला सुचायला हवं होतं. पण लेकीचं घर, त्यात बाळ, डोकं सरळ चालत नव्हतं.

वाशीकर_सेक्रेटरी | ९ जानेवारी, रात्री ९:००

आमच्या सोसायटीत याच दुखण्याची दुसरी बाजू झाली होती, म्हणून लिहितो. गच्चीवरच्या टाक्यांना मोटराइज्ड बॉल व्हॉल्व्ह आहेत, दोन विंगना आळीपाळीने पाणी सोडायला. एका व्हॉल्व्हचा स्विच चिकटून बसला, सुटेचना. व्हॉल्व्ह बंद, पण पॅनेलला वाटतंय उघडा आहे, म्हणून पंप चालूच. बंद वाटेवर पंप रात्रभर रेटत राहिला आणि सकाळी सील फुटलं. काकांकडे स्विच लागतच नाहीये, आमच्याकडे सुटत नव्हता. लेकीच्या घरी असं झालं तर काय होईल?

थेम्सकाठचा | १० जानेवारी, पहाटे ३:३०

वाशीकर, इकडेही अगदी असंच होतं, आणि तो प्रकार ओळखायला जड जातो. सगळं बंद केलं तरी बॉयलर पेटत राहतो. मग बघायचं की रेडिएटर गरम आहेत का. रेडिएटर गरम असतील तर व्हॉल्व्हच उघडा अडकलाय, स्पिंडल (व्हॉल्व्ह उघड-बंद करणारा दांडा) जाम असेल किंवा स्प्रिंग थकली असेल. रेडिएटर थंड आणि बॉयलर मात्र पेटतोय, तर व्हॉल्व्ह बंद झालाय आणि स्विच चिकटलाय. हाताने रेडिएटरला स्पर्श केला की अर्धं निदान होतं.

स्विच खराब का होतो तेही सांगतो. पंप म्हणजे मोटर, तिचा करंट तोडताना दर वेळी छोटी ठिणगी उडते. हिवाळ्यात दिवसातून कितीतरी वेळा. त्यात भर म्हणजे व्हॉल्व्ह उघडा ठेवायला मोटरमध्ये सतत करंट जात राहतो, तिथेच दाबून धरून उभी राहते ती. करंट गेला की स्प्रिंग व्हॉल्व्ह बंद करते. त्यामुळे झाकणाखाली तासन्‌तास ऊब साठते आणि प्लास्टिक भाजून निघतं.

कळव्याचा_टर्नर | १० जानेवारी, सकाळी ८:४०

ही मोटर म्हणजे आपल्या ओळखीचीच. गणपतीच्या मखरात मागे चक्र फिरतं ना, त्यातली छोटी चपटी सिंक्रोनस मोटर, तीच जात. मायक्रोवेव्हची काचेची थाळी फिरवणारी पण तीच. आत गिअरची माळ असते. तिकडे आणि इथे दोन्हीकडे ५० हर्ट्झ, म्हणून वेगही तोच.

माझा सवाल असा, की नुसता मायक्रोस्विच बदलायचा, वरचं डोकं बदलायचं, की अख्खा व्हॉल्व्ह? पाइपाला हात लावायचा म्हटलं की पाणी काढणं आलं.

ऐरोलीची_मी | १० जानेवारी, सकाळी १०:१०

माझ्या मते एकदाच पूर्ण व्हॉल्व्ह बदलून टाकावा. बाळ आहे घरात. पुन्हा महिन्याने दुसरं काही निघालं तर?

थेम्सकाठचा | ११ जानेवारी, पहाटे ४:१०

ताई, काळजी समजते, पण थंडीत सिस्टिम रिकामी करायची म्हणजे दिवसभर घर गार. अनेक नव्या व्हॉल्व्हचं डोकं दोन स्क्रू काढून वेगळं होतं, पाण्याला हात लागत नाही. जुन्या काहींचं होत नाही. तिथे झाकण काढून फक्त मोटर किंवा स्विच बदलतात. मेक आणि मॉडेल नंबर झाकणाच्या लेबलवर असतो, त्याचा फोटो काढून तेच डोकं मागवायचं.

मात्र एक अट. डोकं काढल्यावर खाली पितळेच्या बॉडीतून स्पिंडल वर आलेला दिसतो. तो पकडीने हलकेच फिरवून बघायचा. लोण्यासारखा फिरला तर नवं डोकं बसवा आणि निवांत राहा. अडखळला, किंवा बुडाशी हिरवट-पांढरी पापुद्री दिसली, तर तिथून पाणी पाझरतंय. त्यावर नवं डोकं बसवणं म्हणजे नव्या मोटरला जुन्या दुखण्याशी झुंजवणं, दोन-चार महिन्यांत तीही जाईल. मग अख्खा व्हॉल्व्हच बदलायचा.

आणि दुसरा व्हॉल्व्हही त्याच दिवशी उघडून बघा. दोघं एकाच वयाचे असतील.

कोपरीचा_वायरमन | ११ जानेवारी, सकाळी ७:००

जावई कामात किती सराईत आहेत? सराईत नसतील तर तिथला इलेक्ट्रिशियन बोलवा. त्यात कमीपणा नाही.

नौपाडाकर | ११ जानेवारी, सकाळी ९:२५

जावई इलेक्ट्रिकल डिप्लोमाचा आहे, इथे भिवंडीला पॅनेलच्या कारखान्यात ४ वर्षं काम केलंय. हात स्वच्छ आहे त्याचा. बॉयलरचं झाकण मात्र उघडायचं नाही, ते मी बजावलंय. तिकडे गॅसच्या कामाला गॅस सेफ रजिस्टरमध्ये नाव असलेला माणूसच लागतो. २००९ पासून ती नोंदणी आहे, त्याआधी कॉर्गी होती. व्हॉल्व्हचं डोकं गॅसच्या कामात येत नाही.

दोन डोकी मागवली आहेत, शुक्रवारी येतील. शनिवारी तिकडचे सकाळचे ११, म्हणजे आपले संध्याकाळचे साडेचार. त्या वेळी मी कॉलवर बसणार. शेजारच्या मुलाकडून फोनचं स्टँड आणलंय.

नौपाडाकर | १३ जानेवारी, रात्री ११:५०

आज झालं. सविस्तर लिहितो, कारण पुढे कुणाला उपयोगी पडेल.

सुरुवातीला फ्यूजचा स्विच बंद, फ्यूज खिशात. जावयाने मीटर आधी स्वयंपाकघरातल्या प्लगवर बघितला, २३६ दाखवत होता. मग वरच्या जंक्शन बॉक्समध्ये प्रत्येक टर्मिनलवर, राखाडीवर दोनदा. शून्य. तेव्हाच झाकण उघडलं.

आत खरोखरच दोन पिढ्यांचे रंग. टायमरकडून येणारी केबल लाल-काळी-पिवळी, व्हॉल्व्हच्या वायरी तपकिरी-निळी-राखाडी-नारिंगी. पिवळ्या वायरला तर कुणीतरी तपकिरी टेप गुंडाळली होती, म्हणजे तीही फेज. वायरमनदादांनी सांगितलं नसतं तर मी नक्की चुकीचं बोललो असतो. जावयाने १० फोटो काढले, प्रत्येक टर्मिनलचा वेगळा, आणि पांढऱ्या टेपवर पेनाने आकडे लिहून प्रत्येक वायरीला बांधले.

मग रेडिएटरच्या व्हॉल्व्हचं झाकण. एकच स्क्रू. मायक्रोस्विच बघितला आणि मन भरून आलं. बोटाच्या पेराएवढी काळी डबी, आणि एका कडेला प्लास्टिक तपकिरी होऊन सुरकुतलेलं, दुधाची साय भांड्याला करपते तसं. नारिंगी वायर सोडवून जावयाने मीटर लावला आणि बटण दाबलं. टक असा आवाज आला, पण मीटर बोलला नाही. दुसऱ्यांदा दाबलं, नाही. सातव्यांदा जोरात दाबलं तेव्हा एकदा कसाबसा बीप वाजला. एवढ्याशा डबीसाठी माझी लेक १० रात्री नळ सोडत उठत होती.

डोकं काढताना लिव्हर आधी 'मॅन्युअल' खाचेत अडकवून ठेवायची, असं सोबतच्या कागदावर छापलेलं होतं. तसं केलं. दोन स्क्रू निघाले, डोकं सहज वर आलं. खाली स्पिंडल चकचकीत, पकडीने फिरवला तर लोण्यासारखा. दादांचाच शब्द आठवला. नवं डोकं बसवलं, एकेक जुनी वायर काढून त्याच जागी नवी लावली, सगळ्या वायरी एकदम नाही सोडवल्या. स्क्रू आवळून प्रत्येक वायर ओढून बघायला लावली. अर्थिंग सगळ्यात आधी लावलं होतं.

फ्यूज घातला, टाकीचा टायमर बंदच ठेवला, फक्त थर्मोस्टॅट वाढवला. घरघर सुरू झाली. मी इथे हॉलमध्ये श्वास धरून ऐकत होतो, ही पण शेजारी येऊन उभी राहिली. घरघर थांबली, टक झालं, आणि खालून बॉयलरचा भपका ऐकू आला. लेक जिन्यात बसून रडायला लागली. नात तिच्याकडे बघून हसत होती.

दुसऱ्या व्हॉल्व्हची कथा वेगळी निघाली. उद्या लिहितो, आता साडेअकरा वाजून गेले.

ऐरोलीची_मी | १४ जानेवारी, सकाळी ६:३०

काका, वाचता वाचता माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. लेकीला सांगा, ऐरोलीहून एका मावशीने विचारलंय म्हणून.

नौपाडाकर | १४ जानेवारी, दुपारी १२:१५

सांगितलं. म्हणाली, मावशींना संक्रांतीचा नमस्कार.

तर टाकीचा व्हॉल्व्ह. पुन्हा फ्यूज काढून उघडला. त्याचा स्विच चांगला होता, दाबताक्षणी बीप. पण स्पिंडलच्या बुडाशी हिरवट पापुद्रा, नखाने खरवडला तर खाली ओल. पकडीने फिरवला तर निम्म्या वाटेवर अडकला, जोर लावल्यावर पुढे गेला. म्हणजे मोटर रोज याच्याशी झगडत होती. डोकं परत तसंच बसवलं, नवं डोकं डब्यात ठेवून दिलं. सध्या चालतोय तसा चालू दे, पण अख्खा व्हॉल्व्ह बदलायचा ठरलं. ते काम प्लंबरला देतोय. या वेळी दुसरा माणूस, त्याच रस्त्यावरचा, शेजारणीने सांगितलेला.

त्याला काय काय विचारावं?

थेम्सकाठचा | १५ जानेवारी, पहाटे ५:००

आधी हे बघा की माळ्यावर हीटिंगची छोटी टाकी आहे, की बॉयलरजवळ प्रेशरचा काटा आहे. छोटी टाकी असेल तर ती उघडी सिस्टिम. तिचा फ्लोट वर बांधून ठेवायला लागतो, नाहीतर खालून पाणी काढताय आणि वरून भरतंय. काटा असेल तर बंद सिस्टिम. काम झाल्यावर गार असताना १ ते १.५ बार भरायचं.

पाणी खालच्या मजल्यावरच्या ड्रेन कॉकला पाइप लावून अंगणात सोडतात. काळंकुट्ट आलं तर घाबरू नका, रेडिएटरच्या लोखंडाचा तो चुरा. तोच स्पिंडल जाम करतो. पाणी पुन्हा भरताना त्यात गंजरोधक द्रव घालायलाच सांगा, काही लोक विसरतात. पाइपावर चुंबकाचा फिल्टर बसवून मिळत असेल तर याच वेळी बसवून घ्या.

व्हॉल्व्हवर बाण असतो, पाण्याच्या दिशेने. आणि आवळताना दोन पान्हे: एकाने बॉडी धरायची, दुसऱ्याने नट फिरवायचा. एकच पान्हा लावला तर तांब्याचा पाइप पिळला जातो आणि टाकीचा जोड मोकळा होतो. एवढं प्लंबरला माहीत असणारच, पण जावई तिथे उभा असेल तर त्याला दिसेल कोण काम जाणतं ते.

कळव्याचा_टर्नर | १५ जानेवारी, सकाळी ९:१०

तिळगूळ घ्या, सगळे. माझा भाचा मँचेस्टरला असतो, त्याच्याकडे दोनाच्या जागी एकच व्हॉल्व्ह आहे, तीन तोंडांचा. त्यालाही हेच सगळं लागू?

थेम्सकाठचा | १६ जानेवारी, पहाटे ४:३०

थोडं वेगळं. तो वाय-प्लॅन. एकाच व्हॉल्व्हला एक तोंड रेडिएटरला, एक टाकीला, आणि मधल्या स्थितीत दोन्हींना पाणी. वायरींचे अर्थही बदलतात: पांढरी हीटिंगची मागणी, राखाडी म्हणजे टाकीला आता नको असा निरोप, नारिंगी बॉयलरकडे. दोन पोर्टच्या व्हॉल्व्हची राखाडी आणि याची राखाडी एक समजू नका. तो बिघडला की सहसा दिसणारं लक्षण म्हणजे फक्त गरम पाणी लावलं तरी रेडिएटर तापतात, उन्हाळ्यातसुद्धा. भाच्याला वेगळा धागा काढायला सांगा, मी लिहीन.

नौपाडाकर | २० जानेवारी, रात्री १०:००

काल प्लंबर आला होता. तरुण मुलगा, आल्या आल्या बूट काढले आणि आधी माळ्यावर चढला. उघडी सिस्टिम होती, फ्लोट दोरीने वर बांधला. खालून पाणी काढलं तर शाईसारखं काळं, दोन बादल्या लेकीने मुद्दाम धरून मला दाखवल्या. २२ मिलिमीटरचे दोन नट सोडवले, जुना व्हॉल्व्ह काढला, पितळेच्या नव्या रिंगा घालून नवा बसवला, दोन पान्ह्यांनी. जुना व्हॉल्व्ह कॅमेऱ्यासमोर धरला तेव्हा आत काळ्या गाळाचा थर हाताने निघेल एवढा. वायरिंग जावयानेच केलं, आणि त्या मुलाने तपासून बघितलं. गंजरोधक घातलं. प्रत्येक रेडिएटरमधली हवा काढली, खालच्या मजल्यापासून सुरू करून.

रात्री झोपायच्या आधी लेकीने दोन्ही नटांखाली टिश्यू पेपर ठेवले. सकाळी कोरडे.

आता टाकीच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय. लेकीच्या अक्षरात, मराठीत: राखाडी कायम चालू, निळी न्यूट्रल, नारिंगी बॉयलरला. खाली तेच इंग्रजीत, पुढे घर घेणाऱ्यासाठी. बाळाच्या खोलीत काल रात्री १९ अंश होते. थर्मोस्टॅट आपला आपण चालू झाला, आपला आपण बंद झाला, आणि घरात कुणी उठलं नाही.

थेम्सकाठचे दादा, वायरमनदादा, तुम्हा दोघांना भेटायला यायचं आहे. रेडिंग लांब आहे, कोपरी दहा मिनिटांवर. दादा, रविवारी घरी असाल का?

कोपरीचा_वायरमन | २० जानेवारी, रात्री १०:२५

असतो की. चहाला या, ११ नंतर. आणि येताना तो फ्यूज किती अँपिअरचा घातलाय ते विचारून या. १३ चा असेल तर काढायला सांगा, हीटिंगला ३ चाच लागतो.

नौपाडाकर | २० जानेवारी, रात्री १०:५०

आत्ताच विचारलं. १३ चा होता. जावई उद्या सकाळी उठल्याबरोबर ३ चा आणतो म्हणाला.